घंटांवर चिनी चाली : पाच स्वर जुळतात, मींड मात्र हरवते

बनशंकरी (बेंगळुरू) : कनकपुरा रस्त्यावरील बनशंकरी देवीच्या मंदिरात राहुकाळात लिंबाच्या सालीत दिवे लावण्यासाठी भाविकांची रांग लागते. त्या गर्दीवरून देवळातील घंटेचा एकच सूर पुन्हा पुन्हा घुमत असतो. बदामीजवळच्या मूळ ठाण्याची बनशंकरी ही महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची कुलस्वामिनी असल्याने हे नाव मराठी भाविकांनाही परके नाही. देवळाच्या घंटेकडून कोणी चालीची अपेक्षा ठेवत नाही. आपण दारात आल्याची वर्दी तिने देवीला द्यावी, एवढेच तिचे काम.

युरोपातील शहरांनी मात्र घंटांकडून चाली वाजवून घेण्याची विद्या सुमारे पाच शतकांपासून जोपासली आहे. कॅरिलॉन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाद्यावर एके काळी चर्चमधील स्तोत्रे आणि तेथील लोकगीते वाजत. आता पाश्चात्त्य विद्यापीठांच्या मनोऱ्यांतून चीनच्या पारंपरिक चालीही ऐकू येतात. अशी चाल घंटांवर बसवताना वादकाला कोणत्या अडचणी येतात आणि त्या चालीचे काय टिकते, काय गळून पडते, हा प्रश्न वरवर दूरचा वाटतो. पण दक्षिण बेंगळुरूत कर्नाटक संगीत शिकणाऱ्या कोणत्याही मुलाला त्याचे अर्धे उत्तर आधीच ठाऊक असते.

सरळी, जंट आणि अलंकार हे प्राथमिक धडे संपले की विद्यार्थ्याला गीते शिकवली जातात. त्यांतील ‘वरवीणा मृदुपाणि’ हे मोहन रागातील गीत बहुतेकांच्या वाट्याला येते. मोहन म्हणजे हिंदुस्थानी पद्धतीतील भूप : सा, रे, ग, प, ध हे पाच शुद्ध स्वर, मध्यम आणि निषाद वर्ज्य. चिनी संगीताच्या गुंग, शांग, ज्युए, झ्र आणि यू या पाच मूळ स्वरांमधील अंतरेही नेमकी हीच आहेत. ‘मोली ह्वा’, म्हणजे मोगऱ्याचे फूल, या चीनबाहेरही सर्वाधिक परिचित असलेल्या लोकगीताची चाल आणि ‘वरवीणा’ यांचा आरंभ तर कानाला चकित करतो. दोन्ही चाली गंधाराच्या पुनरुक्तीने सुरू होतात, पंचम आणि धैवत घेत वर चढतात आणि तार षड्जावर टेकतात. एकीचा दुसरीशी संबंध असण्याचे कारण नाही. पाच स्वरांची शिडी हाती आली की माणसे ती कशी चढतात, याचेच हे साम्य आहे.

मुठींनी वाजणारे वाद्य

कॅरिलॉन म्हणजे स्वरांत लावलेल्या ओतीव कांस्यघंटांचा संच. निदान २३ घंटा असल्याशिवाय त्याला कॅरिलॉन म्हणत नाहीत. मोठ्या संचांत हा आकडा बराच वर जातो. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या मनोऱ्यात ५४, बर्कली येथे ६१, तर शिकागो विद्यापीठाच्या रॉकफेलर चॅपेलमध्ये ७२ घंटा आहेत. न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमधील ७४ घंटांपैकी सर्वांत मोठी सुमारे १८ टन वजनाची आहे. सर्वांत लहान घंटा मात्र एका हाताने उचलता येईल एवढीच असते.

या घंटा झुलत नाहीत. त्या तुळयांना पक्क्या जखडलेल्या असतात. हलतो तो आतला लोलक. प्रत्येक लोलकाला बांधलेली तार खाली वादकाच्या खोलीत येते आणि एका लाकडी दांड्याला जोडलेली असते. पेटीच्या पट्ट्यांसारखे हे दांडे ओळीने मांडलेले असतात. वादक अर्धवट मिटलेल्या मुठीने ते खाली दाबतो, तर खर्जातील जड घंटांसाठी पायांखाली पट्ट्या असतात. मूठ जितक्या जोराने पडेल तितका नाद मोठा. हळुवार वाजवणे आणि गर्जना करणे या दोन्ही गोष्टी वादकाच्या मनगटावर अवलंबून असतात. दोन मुठी आणि दोन पाय एवढ्या भांडवलावर एका वेळी साधारणपणे चार स्वर निघतात. हात उघडून शेजारचे दोन दांडे एकदम दाबले तर एखाददुसरा अधिक.

घंटा ओतल्यावर ती नेमक्या स्वरात आणण्याचे शास्त्र सतराव्या शतकात नेदरलँड्समध्ये सिद्ध झाले. उट्रेख्ट येथील अंध संगीतकार याकोब फान आइक यांच्या कानाची आणि फ्रान्स्वा व पीटर हेमोनी या ओतारी बंधूंच्या हाताची त्यासाठी गाठ पडली. झ्यूटफेन गावातील १६४४ मधील त्यांचा संच हा नीट सुरात लावलेला पहिला कॅरिलॉन मानला जातो. घंटा उलटी धरून, तिच्या आतल्या अंगाचा धातू थोडा थोडा खरवडून तिचा स्वर उतरवत आणायचा, ही त्यांची पद्धत. खरवडलेला धातू परत लावता येत नसल्याने चुकीला क्षमा नसे. बेल्जियममधील मेखेलेन येथे १९२२ साली येफ देनाइन यांनी या वाद्याचे शिक्षण देणारी शाळा काढली आणि तेथून वादक जगभर गेले. बेल्जियमने ही परंपरा ज्या रीतीने जपली, तिची दखल युनेस्कोने २०१४ मध्ये घेतली.

तंबोऱ्यातील गंधार आणि घंटेतील गंधार

कॅरिलॉनवर कोणतीही चाल बसवताना पहिली अडचण घंटेच्या धातूतच दडलेली असते. ती समजण्यासाठी मराठी वाचकाने तंबोरा आठवावा. सुरेल लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातून न छेडलेला शुद्ध गंधार आपोआप उमटतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. ताणलेल्या तारेच्या कंपनांचा तो स्वाभाविक परिणाम असतो.

घंटेचे तसे नाही. तिच्यावर आघात झाला की मूळ स्वराबरोबर एक सप्तक खालचा गुंजारव, वरचा पंचम आणि तार षड्ज ऐकू येतात. पण गंधार मात्र कोमल असतो. हेमोनी बंधूंच्या काळापासून घंटा याच पाच उपस्वरांना जुळवून लावल्या जातात. षड्जाची एकच घंटा वाजली तरी तिच्या पोटात कोमल गंधार असतो. घंटानादात अनेकांना जी उदासीची छटा जाणवते, तिचे मूळ येथे सांगितले जाते.

आता या षड्जाबरोबर खालच्या सप्तकातच शुद्ध गंधाराची घंटा वाजवली, तर एका घंटेतील कोमल गंधार आणि दुसरीतील शुद्ध गंधार एकमेकांवर आदळतात. आनंदी चाल त्यामुळे गढूळ होते. हा दोष टाळण्यासाठी नेदरलँड्समधील आस्टेन येथील आइसबाउट्स या ओतकाम संस्थेने आइंडहोवेनच्या तंत्रविद्यापीठाच्या साहाय्याने १९८५ मध्ये शुद्ध गंधार देणारी घंटाही तयार केली. तिचा आकार संगणकाच्या मदतीने ठरवावा लागला. तरीही जगातील बहुतेक मनोऱ्यांत कोमल गंधाराच्याच घंटा आहेत आणि वादकाला त्यांच्याशीच जुळवून घ्यावे लागते.

दुसरी अडचण नादाच्या लांबीची आहे. पियानोवर बोट उचलले की स्वर थांबतो. कॅरिलॉनवर तशी सोय नाही. एकदा वाजलेली घंटा स्वतः शांत होईपर्यंत वाजतच राहते. वरच्या सप्तकातील लहान घंटा लवकर विझतात, पण खर्जातील मोठ्या घंटेचा नाद कितीतरी वेळ रेंगाळतो आणि त्यावर पुढचे स्वर येऊन साचतात. कॅरिलॉनसाठी संयोजन करणे म्हणजे काय वाजवावे यापेक्षा मागचे किती उरले आहे, याचा हिशेब ठेवणे होय.

चीनने शोधलेली चपटी घंटा

या दुसऱ्या अडचणीवर चीनने फार पूर्वी वेगळाच उपाय काढला होता. हूबे प्रांतातील स्वीजौ शहराजवळ १९७७ मध्ये बांधकामासाठी टेकडी सपाट करताना एका प्राचीन थडग्याचा माग लागला. १९७८ मध्ये उत्खनन झाले, तेव्हा झंग या छोट्या राज्याचा अधिपती यी याची ही समाधी असल्याचे स्पष्ट झाले. इसवी सनापूर्वी ४३३ च्या सुमारास पुरलेल्या या समाधीत ६५ कांस्यघंटांचा संच लाकडी चौकटीवर तीन ओळींत टांगलेल्या अवस्थेत सापडला. घंटांचे एकूण वजन सुमारे अडीच टन असून संचाचा विस्तार पाच सप्तकांचा आहे.

या घंटा गोल नाहीत. त्यांचा आडवा छेद बदामासारखा, दोन्ही टोकांना निमुळता आहे. त्यांच्यात लोलकही नाही. बाहेरून लाकडी हातोड्याने त्या वाजवल्या जात. चपट्या आकारामुळे एका घंटेतून दोन स्वर निघतात : मध्यभागी आघात केला तर एक आणि बाजूला केला तर दुसरा. त्या दोहोंत षड्ज ते गंधार एवढे, कधी कोमल तर कधी शुद्ध गंधाराचे, अंतर असते. कोणत्या जागी कोणता स्वर निघेल आणि शेजारच्या राज्यांत त्याला काय म्हणतात, हे घंटांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या अक्षरांत कोरलेले आहे.

आकाराचा आणखी एक लाभ होता. चपट्या घंटेचा नाद लवकर शमतो. अकराव्या शतकातील विद्वान शन क्वो यांनी आपल्या टिपणांत याची कारणमीमांसा केली आहे. गोल घंटेचा नाद लांबतो आणि चपटीचा आखूड राहतो. वादन जलद असेल तर गोल घंटांचे स्वर एकमेकांत मिसळून चाल ओळखू येत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. युरोपात पहिला सुरेल कॅरिलॉन उभा राहण्यापूर्वी साडेपाचशे वर्षे मांडलेली ही अडचण आजच्या कॅरिलॉन वादकाचीही पहिली अडचण आहे.

थोडक्यात, चिनी चाल कॅरिलॉनवर नेणे म्हणजे घंटांना अनोळखी असलेले संगीत घंटांवर लादणे नव्हे. चिनी संगीताला घंटांची सवय फार जुनी आहे. फरक एवढाच की, ज्या घंटा चालीसाठी मुद्दाम चपट्या केल्या गेल्या, त्यांची चाल आता लांब नादाच्या गोल घंटांवर उतरवायची असते.

पाच स्वरांची सोय

येथे पाच स्वरांची शिडी मदतीला येते. सात स्वरांच्या सप्तकात ग-म आणि नी-सा या जोड्यांमधील अंतर सर्वांत कमी असते. असे निकटचे दोन स्वर एकाच वेळी घुमत राहिले की कानाला खटकतात. भूपात किंवा चिनी पंचस्वरांत हे स्वरच नाहीत. पाचही घंटांचे नाद एकमेकांत मिसळले तरी त्यांचा कर्कश गोंधळ होत नाही. मागे एक मऊ झांक उरते. युरोपीय स्तोत्रांपेक्षा चिनी लोकगीते कॅरिलॉनवर अनेकदा अधिक निवळ ऐकू येतात, याचे कारण हे आहे.

याच पाच घंटांतून आधारस्वर बदलून वेगवेगळे स्वभावही निर्माण करता येतात. चिनी संगीतात पाचांपैकी कोणताही स्वर आधार मानून चाल बांधली जाते. कर्नाटक संगीतात या क्रियेला ग्रहभेद म्हणतात, हिंदुस्थानीत मूर्च्छनाभेद. मोहनाच्या ऋषभाला षड्ज मानले तर मध्यमावती मिळतो, गंधाराला मानले तर हिंदोळम् म्हणजे आपला मालकंस, पंचमाला मानले तर शुद्ध सावेरी म्हणजे आपला दुर्गा आणि धैवताला मानले तर शुद्ध धन्यासी म्हणजे आपला धानी. घंटा त्याच राहतात; आधार बदलला की मनःस्थिती बदलते.

स्वरलेखनाची अडचणही येत नाही. चीनमध्ये लोकगीते सामान्यतः आकड्यांत लिहिली जातात. षड्जासाठी १, ऋषभासाठी २ असे सातपर्यंतचे आकडे असतात आणि पंचस्वरी चालीत १, २, ३, ५, ६ एवढेच दिसतात. भातखंडे पद्धतीशी परिचय असलेल्याला ही लिपी तासाभरात वाचता येईल. स्वरांतरांच्या बाबतीत आजच्या बहुतेक पाश्चात्त्य वाद्यांप्रमाणे नवे कॅरिलॉनही सप्तकाचे बारा समान भाग करून लावले जातात. या समान विभागणीचे अचूक गणित मिंग राजघराण्यातील झू झायू यांनी १५८४ मध्ये मांडले होते, हाही एक योगायोग.

एक चाल, अनेक निर्णय

‘मोली ह्वा’सारखी चाल घेतली तर संयोजकाला प्रथम षड्ज ठरवावा लागतो. तो फार खाली धरला तर चाल जड घंटांवर येऊन दाटते. फार वर धरला तर लहान घंटांचा आवाज रस्त्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून मुख्य चाल सामान्यतः मधल्या आणि वरच्या घंटांवर ठेवली जाते.

मग खर्जाचा प्रश्न येतो. पियानोवरील साथीत डावा हात सतत चालू असतो. तीच साथ कॅरिलॉनवर जशीच्या तशी नेली तर चाल खर्जाखाली गाडली जाते. खर्जातील घंटा ओळीच्या आरंभी एकदा वाजवावी आणि तिच्या नादाच्या छायेत पुढचे स्वर चालू द्यावेत, हा अनुभवी वादकांचा मार्ग. त्या घंटेतील कोमल गंधार चालीतील शुद्ध गंधाराला छेद देऊ नये म्हणून गंधार खर्जापासून सप्तकभर किंवा अधिक दूर ठेवला जातो. खाली षड्ज आणि पंचम एवढेच ठेवले तर संघर्ष आपोआप टळतो. चिनी परंपरेलाही हे मानवते, कारण शंग हे वेतनळ्यांचे फुंकवाद्य चालीला अशाच चौथ्या-पाचव्या स्वरांची जोड देते. पाश्चात्त्य पद्धतीच्या तीन स्वरांच्या भरगच्च संगतीची येथे गरजच उरत नाही.

तिसरा निर्णय लांब स्वरांचा. बासरीवर किंवा एर्हू या दोन तारांच्या चिनी गजवाद्यावर एखादा स्वर भरत नेता येतो. घंटेचा स्वर मात्र जन्मतःच सर्वांत मोठा असतो आणि त्यानंतर फक्त ओसरत जातो. तो टिकवायचा तर त्याच घंटेवर किंवा दोन घंटांवर जलद, हलके आघात करत राहावे लागतात. चीनच्या पीपा या वाद्यावर पाचही बोटांनी तार सतत छेडण्याची युक्ती आहे, यांगचिनवर बांबूच्या छड्यांची. आपल्याकडे संतूरवर कलम घासत लांब स्वराचा आभास निर्माण केला जातो. कॅरिलॉन वादकाच्या मुठी तेच करतात, पण मोठ्या घंटांवर लोलकाचे वजनच त्याला फार वेग घेऊ देत नाही.

चौथा निर्णय स्तब्धतेचा. ओळ संपल्यावर घंटांना ओसरू द्यायचे की लगेच पुढे जायचे, हे मनोऱ्याच्या उंचीवर, वाऱ्यावर आणि खालच्या रहदारीवर अवलंबून असते. तालमीच्या खोलीत सुरेख वाटलेले संयोजन चौकात उभे राहून ऐकले की फसलेले आढळते. म्हणून वादक आपली बांधणी खाली उतरून, दुसऱ्याकडून वाजवून घेऊन तपासतात.

जे घंटेला साधत नाही

एवढे सारे सांभाळूनही एक गोष्ट हाती लागत नाही. ती म्हणजे मींड.

अमेरिकेने १९७७ मध्ये अवकाशात पाठवलेल्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरील संगीताची सोनेरी तबकडी आहे. तिच्यात भारताकडून गोव्यातील केरी गावच्या गानतपस्विनी केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे, तर चीनकडून ग्वान पिंगहू यांनी गूचिन या सात तारांच्या वाद्यावर वाजवलेले ‘ल्यू श्वे’, म्हणजे वाहते पाणी, हे वादन आहे. दोन्ही एकापाठोपाठ ऐकणाऱ्याच्या लक्षात येते की, या संगीताचा जीव स्वरांच्या मधल्या वाटेत आहे. गूचिनवर तार छेडल्यानंतर बोट घसरत जाते. नाद जवळजवळ विझला तरी घसरणे चालू राहते. केसरबाईंच्या गाण्यातही एका स्वरातून दुसऱ्यात जाताना सांधा दिसत नाही.

घंटेला ही वाट नाही. तिच्यावर स्वर आहे किंवा नाही, मधले काही नाही. संयोजक मग मींडीच्या जागी कणस्वर ठेवतो, क्वचित दोन-तीन घंटांची झरझर उतरण घालतो. ऐकणाऱ्याला मूळ वळणाची आठवण होते, पण वळण परत येत नाही. याचमुळे गूचिनच्या रचना कॅरिलॉनवर फारशा शोभत नाहीत, तर गावोगाव गायिली जाणारी, ठसठशीत स्वरांची लोकगीते शोभतात. चांगल्या संयोजकाची पहिली परीक्षा चाल निवडण्यातच होते.

हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला हा मुद्दा भूप आणि देशकार यांच्या उदाहरणाने लगेच पटेल. दोन्ही रागांचे स्वर तेच पाच. भूपात गंधाराला मान, देशकारात धैवताला. भूपाचा ओढा पूर्वांगाकडे, देशकाराचा उत्तरांगाकडे. चलन वेगळे, ठहराव वेगळे. घंटांचा संच पाचही स्वर अचूक देईल. पण हा भूप की देशकार, हे ठरवण्याचे काम कोणत्या घंटेवर किती थांबायचे एवढ्याच साधनाने करावे लागेल. किशोरी आमोणकर यांच्या ‘सहेला रे’तील भूप स्वरलेखनात उतरवता येतो; त्यातील श्रुतींची हालचाल घंटांवर उतरत नाही.

संगीतपेटीतून आलेली चाल

तरीही चाली प्रवास करतात, आणि पुष्कळदा अशाच उणीव असलेल्या साधनांतून करतात. ‘मोली ह्वा’ची चाल १७९३ च्या ब्रिटिश शिष्टमंडळासोबत चीनला गेलेल्या जॉन बॅरो यांनी १८०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासग्रंथातून युरोपला कळली. पुढे इटालियन संगीतकार पुच्चिनी यांना ती एका राजनैतिक अधिकाऱ्याच्या घरी, चिनी चाली वाजवणाऱ्या संगीतपेटीवर ऐकायला मिळाली. त्यांनी ती ‘तुरांदोत’ या संगीतिकेत गुंफली आणि १९२६ मधील मिलानच्या पहिल्या प्रयोगापासून ती जगभर गेली.

संगीतपेटी ही कॅरिलॉनचीच चिमुकली वंशज आहे. वादक नसताना मनोऱ्यातील घंटा आपोआप वाजाव्यात म्हणून खुंट्या ठोकलेला मोठा पितळी किंवा लोखंडी दंडगोल फिरवला जाई. खुंटी आली की तार ओढली जाऊन हातोडा पडे. तीच रचना लहान करून पेटीत बसवली गेली. त्या पेटीतही मींड नव्हती, गायकीची लकब नव्हती. पाच स्वरांचा सांगाडा मात्र शाबूत होता आणि तेवढ्यावर चाल तग धरून राहिली.

मनोऱ्यावरची चाल कोणाची

घंटेवर कोणती चाल वाजावी, हा प्रश्न केवळ संगीताचा राहत नाही. सभागृहातील मैफल नको असेल तर माणूस जात नाही. मनोऱ्यावरची चाल मात्र खालून जाणाऱ्या प्रत्येकाच्या कानी पडते.

मुंबईकरांना याचा अनुभव आहे. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावाने उभा राहिलेला विद्यापीठाचा राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडा केलेल्या या ८५ मीटर उंच मनोऱ्यातील यंत्रावर सोळा धुना होत्या आणि त्या दिवसातून चार वेळा बदलत. ‘रूल ब्रिटानिया’, ‘गॉड सेव्ह द किंग’, ‘होम स्वीट होम’ आणि हँडेल यांची एक रचना त्यांत होती. अर्थात, सत्ता गाजवणाऱ्यांच्या गावाची आणि राजाची गाणी फोर्टातील प्रत्येक कारकुनाला ऐकावी लागत. पुढे ही विविधता संपली आणि दर पंधरा मिनिटांनी वाजणारी एकच धून उरली.

शांघायच्या नदीकाठावरील १९२७ च्या कस्टम हाउसचे घड्याळही इंग्लंडहून आले होते आणि त्यावर लंडनच्या वेस्टमिन्स्टरची धून वाजे. सांस्कृतिक क्रांतीच्या आरंभी, १९६६ मध्ये, तिच्या जागी ‘पूर्व दिशा लाल आहे’ हे शान्शी प्रांतातील लोकगीताच्या चालीवर रचलेले राजकीय गीत आले. १९८६ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या भेटीच्या वेळी वेस्टमिन्स्टरची धून परतली आणि पुढे ती पुन्हा हटली. झंगच्या प्राचीन घंटा १९७८ च्या ऑगस्टमध्ये सुमारे चोवीस शतकांनी जाहीरपणे वाजल्या, तेव्हाही पहिली चाल हीच होती. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे आले, त्या प्रसंगासाठी तान दुन यांनी रचलेल्या सिंफनीतही याच घंटासंचाला स्थान मिळाले.

महाराष्ट्रातील घंटांनीही असे मालक बदललेले पाहिले आहेत. चिमाजी आप्पांच्या १७३९ मधील वसई विजयानंतर पोर्तुगीज चर्चमधील घंटा मराठी मुलखातील देवळांत आल्या. भीमाशंकर, नाशिकचे नारोशंकर मंदिर आणि वाईजवळील मेणवली येथे त्या आजही पाहता येतात. त्यांच्यावरचा क्रूस आणि इसवी सनाचे आकडे पुसले गेले नाहीत. त्यांचा नाद मात्र आता आरतीचा भाग झाला आहे.

या पार्श्वभूमीवर पाश्चात्त्य मनोऱ्यातून वाजणाऱ्या चिनी लोकगीताचे मोल ध्यानात येते. जे वाद्य एके काळी साम्राज्यांनी आपल्याबरोबर नेले, त्यावर आता दूरदेशी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला आपल्या आजीच्या तोंडची चाल ओळखू येते. तिच्यात मींड नसते आणि पाच स्वरांखाली कोमल गंधाराची अनोळखी छटा असते. पण चाल ओळखू येते, आणि मनोऱ्याकडे मान वर करून पाहण्यास तेवढे पुरते.

हेच गणित ‘वरवीणा’लाही लागू पडते. ठसठशीत स्वर, तार षड्जाकडे सरळ चढण, मध्यम-निषादाचा अभाव आणि नवशिक्यासाठी बेताची ठेवलेली गमके ही तिची सारी वैशिष्ट्ये घंटांना अनुकूल आहेत. षड्ज-पंचमाचा विरळ खर्ज आणि ओळींच्या शेवटी पुरेसा विसावा एवढे सांभाळले तर ही चाल कॅरिलॉनवर बसवणे अवघड नाही. मोहनातील विस्तृत आलापना मात्र वीणेकडे आणि गळ्याकडेच राहील.